दुसरा अँप्लिफायर

घरी गिटार वाजवणाऱ्या माणसाला एक जादा अँप्लिफायर लागतोच, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब मी, एक बी. कॉम. कारकून या नात्याने, तपासू इच्छितो.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं शाखेतल्या एका गिटारवाल्या सहकाऱ्याने. "अहो, असलेला बंद पडला तर?" एवढंच तो म्हणाला. विमा एजंटाचा सगळा संसार जसा या 'तर'वर चालतो, तशी माझी त्या रात्रीची झोप या 'तर'ने घालवली. माझा दहा वॉटचा अँप्लिफायर मात्र कोपऱ्यात निवांत होता.

आणि एका रविवारी तो खरोखरच बंद पडला! मी मनातल्या मनात नव्याचे हप्ते पाडू लागलो. खालच्या इलेक्ट्रिशियनने मागची टोपी फिरवली, उडालेला फ्यूज काढला आणि तितक्याच अँपियरचा दुसरा घातला. खर्च रुपये दहा, चहा वेगळा.

तेव्हा माझा निकाल ऐका. रंगमंचावर वाजवणाऱ्याने खुशाल दोन अँप्लिफायर न्यावेत. समोर तिकीट काढून माणसं बसलेली असतात. आमच्या शाखेत जनरेटर आहे तो काउंटरपलीकडे रांग असते म्हणून. माझ्या बैठकीच्या खोलीत कोण रांग लावतं? उलट मी वाजवायला बसलो की असलेली माणसंसुद्धा भाजी आणायला जातात.

जादा ठेवायचंच तर एक केबल ठेवा, तारांचा एक संच ठेवा. पुष्कळदा दगा तिथेच होतो. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल तर व्हॉल्व्ह झिजतात, हे कबूल. मग जादा व्हॉल्व्ह ठेवा. पण बसवून घ्या जाणकाराकडून. आत तीन-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतात. आणि चार दिवस अँप्लिफायर नसला म्हणून बिघडलं काय? इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तरी वाजवणाऱ्याला सरावापुरती ऐकू येते. न वापरता पडून राहिलेल्या वस्तूवर घसारा तेवढा वाढतो. आमच्याकडे त्या रजिस्टरला 'डेड स्टॉक' म्हणतात. नावातच निकाल आहे.

तरीही आमच्या घरात दुसरा अँप्लिफायर आला, हे सांगितलं पाहिजे. आईला दोन वर्षं कमी ऐकू येत होतं. कानाच्या यंत्राचा विषय निघाला की "बघू पुढच्या महिन्यात" म्हणणारा मीच. शेवटी डॉक्टरांनी यंत्र समजावून दिलं: एक मायक्रोफोन, एक अँप्लिफायर आणि एक चिमुकला स्पीकर. म्हणजे जिला एकही नव्हता तिला ठेवलं बाजूला, आणि मी स्वतःसाठी दुसरा शोधत होतो! आमची ही काही बोलली नाही. तिने नुसतं पासबुक पुढे सरकवलं.

यंत्र आलं त्या संध्याकाळी मी आईसमोर मोठ्या उमेदीने गिटार काढली. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"रोज हेच वाजवत होतास का रे?"

"हो."

"बरं," आई म्हणाली, आणि हळूच कानाशी हात नेऊन तिने आवाज कमी केला.