जाम बेअरिंग ‘सुस्थितीत’ कसे काढायचे?

चाकाच्या बेअरिंगचे वॉरंटी-दावे नाकारल्याच्या तक्रारी या महिन्यातही आल्या. शेरा सगळीकडे एकच : ‘बेअरिंग सुस्थितीत परत आलेले नाही, सबब दावा अमान्य.’

हा नियम लिहिणाऱ्याने जाम बेअरिंग कधी काढलेले दिसत नाही. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खाऱ्या हवेने बाहेरची रेस स्टिअरिंग नकलच्या बोअरला गंजून धरते. स्लाइड हॅमरने हब ओढला की आतली अर्धी रेस हबवरच राहते, बाहेरची बोअरमध्ये, आणि गोळ्या जमिनीवर. पुलरला पकड मिळाली नाही, तर हबवरची रेस ग्राइंडरने जवळजवळ आरपार कापून छिन्नीने तडकवावी लागते. ग्राहकाच्या अंगणात, प्रेसशिवाय, दुसरा मार्ग नाही. मग ते बेअरिंग अखंड कुठून आणायचे?

बिघाडाचे कारण रेसच्या ट्रॅकवर वाचता येते. पाणी शिरले असेल तर गंज दिसतो, वंगण संपले असेल तर ट्रॅक निळा-काळा पडतो, थकव्याने पापुद्रे सुटतात. आयएसओ १५२४३ या मानकात या बिघाडांचे वर्गीकरणच दिलेले आहे. पुरवठादारांनी ट्रॅक तपासावा. काढतानाचे छिन्नीचे घाव मोजत बसणे म्हणजे दावा टाळणे आहे.

पण आपल्यातल्या काहींनाही सुनावले पाहिजे. जुने काढायला हातोडा चालतो म्हणून नवेही त्याच हातोड्याने ठोकणारे अजून आहेत. बोअरमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रेसवर हवा, हब दाबताना आतल्या रेसला मागून आधार हवा. तो जोर गोळ्यांतून गेला की ट्रॅकवर गोळ्यांच्याच अंतराने खळगे पडतात आणि थोड्याच दिवसांत गाडी घोंघावत परत येते. असा दावा फेटाळला तर तक्रारीला जागा नाही. एबीएसच्या गाडीत एन्कोडरची बाजू सेन्सरकडे आहे ना, हेही न बघता दाबणारे आहेत. प्रेस नसेल तर नकल उतरवून लेथवाल्याकडे न्या; ग्राहकाला थांबायला सांगा.

आणि आजपासून एवढे करा. काढण्याआधी चाकाचा खेळ, आवाज आणि किलोमीटर जॉबकार्डावर लिहा. बेअरिंगवरचा नंबर आणि तुटलेल्या रेसचे ट्रॅक यांचे फोटो काढा. तुकडे फेकू नका. तोंडी नकार स्वीकारू नका, लेखी कारण मागा आणि त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. आम्ही ती छापू.