घरचे आरोग्य : नाकात घट्ट होणारे औषध

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाईंना कंपवात, गोळी घशात अडकते, ठसका लागतो. फार्मसी शिकणारी भाची सांगते, की हे औषध आता नाकात घालायच्या जेलमधून देता येते. ते कुठल्या दुकानात मिळेल, असे त्या विचारतात.

ताई, भाची म्हणते ते खोटे नाही. पण हे जेल अजून दुकानात आलेले नाही. 2010 साली वर्ध्याजवळच्या बोरगाव (मेघे) येथील फार्मसी महाविद्यालयातल्या संशोधकांनी रोपिनिरोल या कंपवातावरच्या औषधाचे असे जेल करून त्यावर लेख प्रसिद्ध केला. गोळीतले हे औषध पोटातून यकृतात गेले, की निम्मे तिथेच खर्ची पडते. नाकाचे अस्तर पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेले; शिवाय वरच्या बाजूने वासाच्या नसा थेट मेंदूकडे जातात. तिथून गेलेले औषध यकृताची जकात चुकवते, म्हणा ना!

अडचण अशी, की नाक काही ठेवून घेत नाही. आतल्या सूक्ष्म केसांची झाडलोट सतत चाललेली. घातलेला थेंब 15-20 मिनिटांत घशात उतरतो. म्हणून ही युक्ती : घालताना औषध पातळ, आणि नाकाच्या उबेने आत घट्ट.

आपले तूप थंडीत थिजते, उन्हाळ्यात पातळ होते. इथे सारे उलटे! अशा जेलांत पोलॉक्झामर नावाचा पदार्थ पुष्कळदा वापरतात. (1972 साली भाजलेल्या जखमांवर लावण्यासाठीही त्याचे जेल सुचवले गेले होते.) त्याच्या रेणूची टोके पाण्यात रमणारी, मधला भाग पाण्याला भिणारा. ऊब लागली की हे मधले भाग एकत्र येऊन गोळ्या होतात, आणि डब्यात साबुदाणा दाबून भरावा तशा त्या दाटीने बसतात. गार केले की पुन्हा पाणी. आता आपल्या मराठवाड्याचा मे महिना आठवा. पारा 40च्या वर. असली बाटली कपाटात ठेवली, तर औषध नाकात जाण्याआधी बाटलीतच घट्ट व्हायचे! तेव्हा उद्या हे औषध बाजारात आलेच, तरी घरी फ्रिजची सोय आहे का, हे आधी पाहावे लागेल.

बोरगावचे प्रयोग उंदरांवरचे होते. उंदराच्या नाकात वासाचा भाग निम्म्याच्या घरात, माणसाच्या नाकात दहाव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय वर्षानुवर्षे रोज घालून अस्तराला इजा होत नाही ना, हेही तपासावे लागते. त्यामुळे उशीर आहे.

तोवर एक मात्र करू नका : गोळी पाण्यात किंवा तेलात कालवून नाकात मुळीच घालू नका. औषध एकाएकी बंदही करू नका. कंपवातात ते धोक्याचे असते. ठसका लागतो हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण अन्न वा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी केलेल्या असतात, त्या कुटायच्या नसतात. तुमची कोणती, हे विचारून घ्या. गोळी देताना सासूबाईंना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली ठेवायला सांगा. आणि हो, गोळी लेव्होडोपाची असेल तर जेवणाआधी अर्धा तास द्यावी. डाळ, दूध, दही यांतली प्रथिने तिचे काम अडवतात.