खुर्चीतला शेतकरी

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर भुईमूग-कपाशीच्या घरातले. पोरवयात कपाशीवरच्या सोंडकिड्यासाठी काकवीत आर्सेनिक कालवून बोळ्याने झाडाझाडाला लावल्याचे त्यांनी २००१ सालच्या आठवणींत लिहिले आहे. देवभक्ती खरी, घरही सेवाभावी. सत्तरीला टेकलेल्या आई लिलियन १९६७ साली आपल्या विक्रोळीच्या दवाखान्यात राबत होत्या.

पण शेतकरी भावांनो, खुर्चीत बसल्यावर काय? १९७९ साली रास्त भाव मागायला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन वॉशिंग्टनला धडकले. तो मिळाला नाही. उलट ४ जानेवारी १९८० ला रशियाला जाणारे १ कोटी ७० लाख टन धान्य याच शेतकऱ्याने अडवले. भांडण अफगाणिस्तानचे, झळ गहू-मका पिकवणाऱ्यांना! आपल्याकडे मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात रोखली, ती गिरण्यांसाठी. पुढाऱ्याचे आत्मचरित्र हाती आले, की मी बालपण भराभर उलटून निर्यातबंदीचे पान शोधतो.