पीटीतून सूट मागू नका, पीटी बदलायला सांगा

गणितात कच्च्या असलेल्या मुलाला गणिताच्या तासाला कुणी वर्गाबाहेर बसवत नाही. पीटीच्या तासाला मात्र नेमकं तेच होतं. लंगडीत दुसऱ्या उडीला तोल गेला, बाद, बस कडेला. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्याच्या वाट्याला सर्वांत कमी सराव!

यातल्या काही मुलांना डीसीडी असतो. डिस्प्राक्सिया हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. शाळकरी वयातल्या 100 मुलांमागे साधारण 5 ते 6, म्हणजे 60 च्या वर्गात तिघांना. बुद्धी चांगली, अंगात ताकदही असते. पण कोणती हालचाल कधी आणि किती जोरात करायची, याची मेंदूतली जुळणी नीट बसत नाही. बुटाची लेस, शर्टाची बटणं, कंपासने वर्तुळ, चेंडूचा झेल, सगळ्यालाच वेळ लागतो. आपण त्याला धांदरट म्हणून मोकळे होतो. (आधी जमणारी गोष्ट जमेनाशी झाली, मूल वारंवार पडू लागलं किंवा एकाच बाजूचा हात-पाय वापरू लागलं, तर मात्र हा डीसीडी समजून थांबू नका. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.)

वर्गातली चूक वहीत राहते, मैदानावरची सगळ्यांसमोर होते. दोन कॅप्टन एकेक गडी निवडतात आणि दर आठवड्याला तेच मूल शेवटी उरतं. हे कशाचं शिक्षण? त्यातच दंगा केला म्हणून मैदानाच्या फेऱ्या, म्हणजे धावणं हीच शिक्षा.

मग पालक माझ्याकडे येतात, ‘पीटीतून सूट द्या’ अशी चिठ्ठी मागायला. त्यांचा जीव तुटतो, ते मला कळतं. पण सूट मिळालेलं मूल बाकावर बसतं, हालचाल आणखी कमी होते, वजन वाढतं, मित्र तुटतात. हे औषध आजार वाढवणारं आहे.

‘सरावाने येईल’ हे सरांचं म्हणणं निम्मं खरं. सराव हवा, पण तुकड्यातुकड्याने. मोठा मऊ चेंडू, दोन पावलांवरून, सावकाश. हाटकेशमध्ये मैदानं कुठे आहेत, ही सबबही नको. एवढ्याला इमारतीखालचं रिकामं पार्किंग पुरतं.

आणि ही मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या अनुसूचीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली डिस्प्राक्सियाचं नाव आहे. कलम 16 प्रमाणे दिव्यांग मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. आपली चर्चा मात्र दहावीच्या पेपरातल्या जादा वेळापाशीच अडते.

म्हणून मी चिठ्ठी देतो ती वेगळी: मुलाला खेळातून वगळू नये, बाद झाल्यावर बसवू नये, संघ सरांनी स्वतः पाडावेत. ती वर्गशिक्षिकेकडे न ठेवता थेट पीटीच्या सरांच्या हातात द्या.