पंधरा कप आणि एक पिल्लू

मुलांनो, आज गणित नाही, पण एक कोडं आहे. एका मुलाला आई जेवायला हाक मारते. तो दार ढकलतो. दारामागे खुर्चीवर कपांचा ट्रे ठेवलाय, हे त्याला ठाऊकच नाही. खळ्ळकन्! पंधराच्या पंधरा कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना फडताळातला मुरांबा चोरून खायला वर चढतो आणि त्याच्या हातून एक कप फुटतो. सांगा बघू, जास्त वाईट कोण वागलं?

थांबा, पुढे वाचू नका. आधी उत्तर ठरवा. घरातल्या धाकट्या भावंडालाही विचारा.

हे कोडं स्वित्झर्लंडच्या झां पियाजे या शास्त्रज्ञांनी मुलांना घातलं होतं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९३२ साली आलं. लहान मुलं बहुधा म्हणत, "पंधरावाला!" त्यांना फुटलेले कप दिसत. जरा मोठी मुलं म्हणत, "दुसरा. तो चोरी करत होता." त्यांना कपांमागचं मन दिसू लागलेलं असे. (माझ्या पहिलीतला एकजण म्हणाला, "बाई, मुरांबा उरला का?" तेही खरंच!)

पण दुसऱ्याचं मन आपल्याला दिसतं कसं? त्याला मदत करणारा मेंदूचा एक भाग उजव्या कानाच्या थोडा वर, मागच्या बाजूला असतो. २०१० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मोठ्या माणसांच्या डोक्याच्या त्या जागी चुंबकाचे ठोके देऊन तिथलं काम थोडा वेळ विस्कळीत केलं. मग त्यांना काही गोष्टी वाचायला दिल्या. समजा, एकीने विष समजून मैत्रिणीच्या कॉफीत पूड घातली, पण ती निघाली साखर. मैत्रीण ठणठणीत! एरवी आपण म्हणू, "केवढी दुष्ट!" पण ठोके दिल्यावर लोक तिला थोडं कमी दोषी ठरवू लागले. काही बिघडलं नाही ना, मग झालं! म्हणजे मोठी माणसंसुद्धा कप मोजायला लागली की!

मेंदूत न्यायाधीशाची अशी एकच खुर्ची मात्र नाही. पोटात कालवणारे भाग वेगळे, हेतू ओळखणारे वेगळे, आणि कपाळामागचा भाग हे सगळं जुळवत बसतो.

आता आमच्या हेमलकशाची गोष्ट. डॉ. प्रकाश आमटे आणि मंदाताई इथे आले आणि १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेव्हा गडचिरोली जिल्हाही नव्हता, हे सगळं चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. एकदा जंगलात डॉक्टरांना शिकारीहून परतणारे माडिया लोक भेटले. त्यांनी मारलेली माकडीण आणली होती आणि तिचं जिवंत पिल्लू तिला बिलगून दूध शोधत होतं.

वाचतानाच तुमच्या पोटात कालवलं ना? तुमचा निकालही लागला असेल, "किती क्रूर माणसं!" बाहेरगावची मुलं असं बोलतात, तेव्हा माझ्या वर्गातली माडिया मुलं खाली बघतात. त्यांच्या आजोबांबद्दलच चाललेलं असतं ते.

डॉक्टरांनी त्या लोकांना दोष दिला नाही. शिकार गंमत म्हणून नव्हती, भुकेसाठी होती. पिल्लूही खाल्लं जाणार होतं. डॉक्टरांनी ते मागून घेतलं. लाल तोंडाच्या त्या पिल्लाचं नाव बबली. पुढे लोक अनाथ पिल्लं आणून देऊ लागले आणि बिबटे, अस्वलं, हरणं असं मोठं घरच उभं राहिलं.

मी वर्गात ही गोष्ट आधी भुकेशिवाय सांगितली आणि हात वर करायला लावले. मग भुकेसकट सांगितली. बरेच हात खाली आले. चौथीतल्या एका मुलीचा हात मात्र वरच. म्हणाली, "बाई, पण माकडिणीला काय माहीत, त्यांना भूक लागली होती म्हणून?"

त्यावर वर्गात घंटा होईपर्यंत भांडण चाललं. तुम्हीही घरी भांडून बघा, आणि आईबाबांना नुसतं ऐकू देऊ नका, त्यांचेही हात वर करायला लावा.