'विकल्प' : अविश्वासवाचक शब्दाचे अर्थांतर

कर्जत हे रेल्वेचे जंक्शन. या तालुक्यातील किंवा शेजारच्या खालापुरातील विद्यार्थ्याला 'विकल्प' हा शब्द आज भेटतो तो बहुधा रेल्वेच्या आरक्षणात. प्रतीक्षायादीतील प्रवाशाला दुसऱ्या गाडीत जागा देऊ करणाऱ्या, २०१५ साली सुरू झालेल्या योजनेचे ते नाव आहे. (आगगाडी खोपोलीला १८५६ सालीच आली, शब्दाचे हे रूढ वळण मात्र अलीकडचे.) हाच विद्यार्थी संतवाङ्मय वाचताना 'मनात विकल्प येणे' या प्रयोगापाशी आला, तर दुसरा पर्याय सुचला असाच अर्थ तो बिनदिक्कत लावील. वास्तविक तेथे अविश्वास अभिप्रेत असतो.

तोही साधा संशय नव्हे. संशय वस्तूविषयी असू शकतो : दोरी की साप? विकल्प शिरतो तो नात्यात, भक्त आणि देव, गुरू आणि शिष्य, भाऊ आणि भाऊ यांच्यामध्ये. म्हणूनच तो कोणी दुसऱ्याच्या मनात 'घालू' शकतो.

या अर्थांतराचे खापर एकट्या हिंदीवर फोडणे सोपे असले तरी न्याय्य नाही. संस्कृत व्याकरणात विकल्प म्हणजे ऐच्छिकता, आणि 'किंवा', 'अथवा' यांना शालेय मराठी व्याकरण 'विकल्पबोधक' म्हणतच आले आहे. एक अर्थ शाळेत, दुसरा घरात आणि कीर्तनात, असे दोन्ही सुखाने नांदत होते. कार्यालयीन हिंदीने पारडे एका बाजूला झुकवले, इतकेच.

इंग्रजीतील 'डिफिडन्स'ची गत अशीच झाली. हॉब्जने 'लेव्हायथन'मध्ये (१६५१) कलहाच्या तीन कारणांत तो गणला, तो परस्पर अविश्वास या अर्थाने. आजचा वाचक तेथे बुजरेपणा वाचतो आणि हॉब्ज त्याला दुर्बोध वाटतो.

मराठेशाहीच्या कौलपत्रांतील 'वसवास' आणि 'अंदेशा' हे अविश्वासाचेच शब्द. ते व्यवहारातून गेले, पण त्यांनी घात केला नाही. अनोळखी असल्याने वाचक तेथे थांबतो, कोश उघडतो. 'विकल्प'साठी कोश कोण उघडणार? ओळखीच्या चेहऱ्याचा शब्दच अधिक फसवतो. संपादकांच्या टीपा मात्र अवघड दिसणाऱ्या शब्दांवरच खर्ची पडतात. पदव्युत्तर वर्गांसाठीच्या आवृत्त्यांत तरी सोप्या दिसणाऱ्या शब्दांखाली टीप हवी, आणि 'विकल्प' त्यांत पहिला असावा.