डोळ्यांवर पट्टी बांधून काय दिसणार?

तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या सालवडसारख्या गावात अपंगत्व हा केवळ दैवाचा भाग मानून चालत नाही. येथे ते यंत्रात सापडलेल्या हाताच्या अथवा रसायनाने गेलेल्या दृष्टीच्या रूपानेही घरी येते. वसाहतीतील स्फोट व आगी यांत दगावलेल्यांचा आकडा वर्तमानपत्रांतून छापून येतो. जे वाचले, परंतु पूर्ववत राहिले नाहीत, त्यांची गणना मात्र क्वचितच होते. अपंगत्वाविषयीची जाणीव कार्यालयांत, शाळांत व कारखान्यांत कशी रुजवावी, हा प्रश्न म्हणूनच या परिसराला परका नाही.

अशा प्रशिक्षणाचा एक प्रकार सर्वत्र रूढ आहे. डोळस माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधावयाची, त्याला दहा मिनिटे चाचपडावयास लावावयाचे आणि मग ‘आता कळले ना?’ असे विचारावयाचे. हेतू चांगला, परंतु परिणाम विपरीत! पट्टी बांधलेल्यास अनुभव येतो तो अंधत्वाच्या पहिल्या दहा मिनिटांचा. पांढरी काठी, आवाजाचा वेध, ब्रेल यांच्या साहाय्याने अंध व्यक्तीने वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य त्यात कोठेच येत नाही. आरिएल सिल्वरमन या स्वतः अंध असलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने सहकाऱ्यांसह २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की या प्रयोगानंतर लोक अंधांना नोकरीस व स्वतंत्र जीवनास अधिकच असमर्थ समजू लागतात. कणव वाढते आणि विश्वास घटतो. नोकरी देणाऱ्याच्या मनात असा समज दृढ होणे किती घातक, हे निराळे सांगावयास नको.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४७ व्या कलमाने पंचायत सदस्य, प्रशासक, पोलीस, न्यायाधीश यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय अनिवार्य केला. शिक्षक, डॉक्टर, अभियंते यांच्या अभ्यासक्रमांतही अपंगत्वाचा विषय अंतर्भूत करावयास सांगितले. महाराष्ट्राने तर ३ डिसेंबर २०२२ रोजी या कामासाठी स्वतंत्र विभागच स्थापन केला. ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले खरे. पण खिडकीपर्यंतची पायरी शब्द बदलल्याने सपाट होत नाही.

मग शिकवावयाचे काय? कारकुनाने सोबत्याशी न बोलता अर्जदाराशीच बोलावे. अंधाचा हात धरून ओढू नये, आपले कोपर पुढे करावे. बहिऱ्याशी समोरासमोर बोलावे, न समजल्यास लिहून द्यावे. शिक्षकाने फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचावे. मुकादमाने एका हाताने कोणते काम होऊ शकते, हे यंत्रापाशी उभे राहून पाहावे. आणि हे शिकविणारी व्यक्ती स्वतः अपंग असावी. सत्कारापुरती व्यासपीठावर बसविलेली नव्हे, तर योग्य मानधन घेऊन वर्ग चालविणारी.

कारखान्यांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. सेवेत असताना अपंगत्व आल्यास शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्याला त्या कारणास्तव कमी करता येत नाही, असे याच कायद्याचे २० वे कलम सांगते. खासगी कारखान्यातील कामगारास हे संरक्षण नाही. त्याला नुकसानभरपाई मागता येते, काम परत मिळेलच अशी शाश्वती नसते. कंत्राटी कामगाराचे तर विचारूच नये. तथापि २०१७ च्या नियमांनुसार वीस वा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनेलाही आपले समान संधी धोरण जाहीर करावे लागते आणि त्यासाठी संपर्क अधिकारी नेमावा लागतो. सालवड-बोईसर परिसरातील किती कामगारांना आपल्या कारखान्यातील या अधिकाऱ्याचे नाव ठाऊक आहे, एवढी चौकशी कामगार संघटनांना उद्याही सुरू करता येईल.